काल काय खाल्लंत?

उज्जैनच्या मराठी वाचनालयात, भर सभेत, मी मुळ्याच्या भाजीवर दूध ओतून खाल्लं. त्यावर शिकरण खाल्लं, शिकरणावर दह्यातली केळ्याची कोशिंबीर खाल्ली आणि शेवटी उकळत्या दुधात मध ढवळून तेही प्यालो. हे मला कोणीही करायला सांगितलं नव्हतं. मी सरकारी दवाखान्याचा डॉक्टर होतो, कोट नवा होता, पदवी कोटाहून नवी होती, आणि आपण विज्ञानाची बाजू लढवतोय असा माझा प्रामाणिक समज होता. ज्यांच्याविरुद्ध लढवत होतो ते माझे घरमालक होते. त्यांच्याच विहिरीचं पाणी पिऊन मी तिथे गेलो होतो.

घरमालक म्हणजे वैद्यराज. त्यांना नाव होतं, पण उज्जैनमध्ये ते कोणी वापरत नसे. देवास गेटच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं घर. खाली त्यांचं औषधालय, वर माझी खोली. मी इंदूरहून बदलून आलो तेव्हा सगळ्या माळव्यात संस्थानं विलीन झाल्याची गडबड होती. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या, होळकरांच्या कचेऱ्या, सगळ्यांचं मिळून एक मध्यभारत सरकार झालं होतं आणि कोण कुणाचा साहेब हे साहेबांनाही रोज सकाळी विचारून घ्यावं लागे. अशा दिवसांत सामान टांग्यात ठेवून मी जागा शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी ना गाव विचारलं ना गोत्र. माझ्या कोपरांकडे पाहिलं, मग नखांकडे, आणि म्हणाले, "काल काय खाल्लंत?"

मी म्हटलं, "शिकरण-पोळी."

एखाद्याच्या घरी नुकतंच कोणी गेल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाले, "जागा देतो. पण ते वर न्यायचं नाही."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. त्यांना सगळे काकू म्हणत, मीही म्हणू लागलो. काकू म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात दुधाची आणि केळ्याची गाठ पडलेली नाही हो. केळं पुढच्या दाराने येतं, दूध मागच्या."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. दूध आणि फळ, दूध आणि मुळा, दूध आणि मीठ, तापवलेला मध, रात्रीचं दही, यांतलं काही त्या घरात चालत नसे. असं परस्परांशी न जुळणारं अन्न वर्षानुवर्षं पोटात गेलं की रक्त बिघडतं आणि ते बिघडलेलं रक्त कातडीवर बोलतं, हा त्यांचा सिद्धांत. सिद्धांत त्यांचा एकट्याचा नव्हता, जुन्या ग्रंथांतला होता, पण वैद्यराज तो अशा तऱ्हेने सांगत की जणू ग्रंथकर्त्यांनीच तो यांना विचारून लिहिलाय.

त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर माळव्यात आले होते. लष्कर गेलं, पगडी राहिली. ती खुंटीवर असे. औषधं कुटताना, रोगी तपासताना बोडकेच. वाद घालायचा असेल तेव्हाच पगडी उतरवून डोक्यावर ठेवत. त्यामुळे खुंटीकडे त्यांचा हात गेला की काकू स्वयंपाकघरातूनच विचारत, "आज कुणाशी?" आणि भात उशिरा टाकत. आणखी एक खोड होती. माणूस आवडला की त्याला अरे-तुरे करत, राग आला की 'आपण' म्हणत. मला पहिले सहा महिने ते 'आपण' म्हणत होते.

सकाळी ते राम घाटावर स्नानाला जात. आता लोक घाटावर पुण्य मिळवायला येतात. हे यायचे पाठी बघायला. शेकडो उघड्या, ओल्या, उन्हात चमकणाऱ्या पाठी! अशी तपासणीची सोय कुठल्या इस्पितळात आहे, असं ते मला विचारत. एकदा मी बरोबर होतो. राजस्थानकडचा कोणी शेठ पाण्यात उभा राहून संकल्प सोडत होता, ओंजळीत पाणी, पंडा मंत्र सांगतोय. वैद्यराज कमरेएवढ्या पाण्यातून चालत त्याच्या मागे गेले आणि खांद्याखालच्या एका चट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "रात को दही खाते हो?"

शेठ दचकला. ओंजळ सांडली.

पंडा ओरडला, "अरे वैद्यजी, पहले संकल्प तो पूरा होने दो! मेरी दक्षिणा पानी में जा रही है!"

"तेरी दक्षिणा की मेरे को फिकर नहीं," वैद्यराज म्हणाले. "इसकी पीठ देख."

गंमत अशी की शेठ खरोखर रात्री दही खात होता. पण माळव्यात रात्री दही खात नाही असा शेठ सापडणं अवघड, हे मी त्यांना परत येताना सांगितलं. ते म्हणाले, "आपण पुढे चला." म्हणजे राग आला होता.

स्वातंत्र्य आलं तसं लग्नाच्या पंगतींत फ्रूट सॅलड आलं. दोन्ही एकाच गाडीने आले असावेत. ज्या घरी म्हणून कोणी मुंबईला जाऊन आलेलं असे, त्या घरच्या लग्नात दुधात संत्र्याच्या फोडी, द्राक्षं आणि केळी पोहत असत. वैद्यराजांनी याच्याविरुद्ध एकट्याने युद्ध पुकारलं. पगडी घालून पंगतीला जात, वाढपी वाटी घेऊन आला की पानावर आडवा हात धरून मोठ्याने म्हणत, "मला नको, आणि ज्यांना मुलीबाळी उजवायच्या आहेत त्यांनीही विचार करावा." यजमानाचा जीव वर. त्यांना बोलवावं तर फ्रूट सॅलड फुकट जाई, न बोलवावं तर घरात कुणाला ताप आला की कुठल्या तोंडाने जाणार? शेवटी गावातल्या आचाऱ्यांनी तोडगा काढला. वैद्यराज ज्या पंगतीत बसतील तिला जिलबी, पुढच्या पंगतीला फ्रूट सॅलड. मी नेहमी पुढच्या पंगतीला बसत असे.

त्यांच्या अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, आणि हसावंच. पण त्याच पंगतींतली एक गोष्ट आहे, ती मी हसणं ओसरल्यावर सांगतो. एका लग्नात नवऱ्या मुलीची मावशी एकटीच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून जेवायला बसवली होती. तिच्या हातांवर, ओठांवर कोडाचे पांढरे डाग होते. तिच्या शेजारची जागा रिकामी. वैद्यराज आले, उभ्या उभ्या पंगत पाहिली, आपला पाट उचलला आणि तिच्या शेजारी नेऊन मांडला. पगडी घातलेलीच होती. तिला म्हणाले, "बाई, तुमच्या पानातली ही जिलबी मोठी दिसते. मी घेतो." आणि घेतली, खाल्ली. सगळी पंगत बघत होती. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात तिला विचारलं, "काल काय खाल्लंत?"

घरी येताना मला म्हणाले, "गाव म्हणतं हिच्या आईने दिवस असताना मासे खाऊन वर दूध प्यालं. तुमची पुस्तकं काय म्हणतात?"

मी म्हटलं, "आमच्या पुस्तकांना कारण ठाऊक नाही. पण हा रोग लागत नाही, एवढं नक्की."

"आमच्या ग्रंथांत कारण आहे. मला दर वेळी पटतंच असं नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेला मी बहुधा एकटाच. "पण कारण काहीही असो, तिला भिंतीकडे तोंड करून बसवा असं कुठल्याच ग्रंथात नाही रे."

'रे' म्हणाले. मी त्या रात्री फार खुशीत झोपलो.

त्याआधी एक झटापट आमच्यात होऊन गेली होती, तीही सांगायला हवी, कारण तीत मी जिंकलो होतो आणि असे प्रसंग माझ्याकडे फार नाहीत. एका वसतिगृहातली सगळी मुलं अंग खाजवत त्यांच्याकडे आली. वैद्यराजांनी वसतिगृहाच्या आचाऱ्याला बोलावून तासभर झाडलं, खिचडीबरोबर दूध का देतोस म्हणून. मुलांना काढे सुरू झाले. आचाऱ्याने दूध बंद केलं. मुलं खाजवतच राहिली. मी एका मुलाला वर नेलं, बोटांच्या बेचक्यातून सुईच्या टोकावर एक पांढरा कण काढला, भिंगाखाली ठेवला आणि वैद्यराजांना हाक मारली. ते जिना चढून आले, पगडी घालूनच. भिंगाला डोळा लावला. कण चालत होता.

ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मग पगडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हा एवढासा प्राणी सबंध वसतिगृह खाजवायला लावतो, आणि मी त्या गरीब आचाऱ्याला शिव्या दिल्या." खाली जाऊन त्यांनी आधी आचाऱ्याला निरोप पाठवला, की दूध दे. तेव्हापासून खरजेचा रोगी आला की ते जिन्याकडे बोट दाखवत. "ऊपर जाओ. ये कीडे का काम है, कीडेवाला डाक्टर ऊपर बैठता है." गावात माझी हीच पदवी रूढ झाली.

आता सभेकडे येतो.

वैद्यराजांचं औषधालय जुन्या संस्थानच्या मदतीवर चालत होतं. अंगणात मोठमोठ्या पातेल्यांत काढे उकळत, आणि खेड्यांतून बैलगाडीने, पायी आलेल्या माणसाला ते फुकट मिळत. वैद्यराजांनी त्या माणसांकडून कधी काही घेतलं नाही आणि घेणारही नव्हते. मदत थांबली की पातेली थांबणार. नव्या सरकारने अशा सगळ्या जुन्या मदतींची तपासणी काढली होती. ग्वाल्हेरहून एक अधिकारी उज्जैनला यायचे होते, आणि औषधालय ठेवायचं की बंद करून रोगी सरकारी दवाखान्यात वळवायचे, हे त्यांच्या शिफारशीवर ठरणार होतं. सरकारी दवाखाना म्हणजे मी.

वाचनालयाचे चिटणीस मोठे उत्साही गृहस्थ. साहेब येताहेत तर त्यांच्या अध्यक्षतेखाली एक सभा होऊन जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं. विषय ठेवला: 'विरुद्ध आहार आणि त्वचेचे रोग'. एका बाजूने वैद्यराज, दुसऱ्या बाजूने मी. मी नाही म्हणायला हवं होतं. ज्या माणसाची पातेली धोक्यात आहेत त्याच्याशी नेमक्या त्याच साहेबांपुढे वाद घालू नये, एवढी अक्कल माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला असते. मी हो म्हटलं, आणि खास त्या दिवसासाठी शर्ट-कोट धोब्याकडे इस्त्रीला टाकला. एरवी माझे कपडे कामवाल्या बाई घरीच धूत.

वैद्यराज पगडी घालून छान बोलले. मी उठलो आणि चार वाक्यं बोलून थेट ताट मागवलं. ताट मी कंपाउंडरकडून तयार करून घेतलं होतं. वैद्यराजांच्या यादीतला प्रत्येक निषिद्ध जोडा त्यात होता. सभेत हशा पिकला. मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मुळ्यावर दूध ओताना मी साहेबांकडे पाहून म्हणालो, "प्रत्यक्ष प्रमाण!"

वैद्यराज उठून माझ्याजवळ आले, ताटावर वाकून नीट पाहिलं. मला वाटलं, आता 'आपण' येणार.

"दुधात मीठ राहिलं," ते म्हणाले. "कोणीतरी मीठ आणा रे. करायचं तर पुरं करू दे त्याला."

मीठ आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने चिमूट टाकली. मग सभेकडे वळून म्हणाले, "हा खाईल आणि याला काही होणार नाही. एका दिवसाच्या मूर्खपणाने कातडी बिघडत असती तर अर्धं उज्जैन केव्हाच बिघडलं असतं. मी सांगतो ती रोजची, वर्षांची गोष्ट आहे. खा रे."

मी सगळं खाल्लं. चव विचारू नका.

रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. मी तोच शर्ट घालून दवाखानाभर छाती काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मानेला आग लागली. हात लावून पाहिलं तर मागे, केसांच्या खाली, लाल सूज आणि तिच्यावर पाण्याने भरलेले फोड.

फाल्गुनातल्या उन्हात मी गळ्याला मफलर गुंडाळून दवाखान्यात गेलो. यापेक्षा डोक्यावर पाटी लावून गेलो असतो तर बरं. कंपाउंडरने मफलर पाहिला, मग मला पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब, फुटलं ना?" दुपारपर्यंत देवास गेटच्या बसवाल्यांना कळलं होतं. संध्याकाळी राम घाटावर पंडे यात्रेकरूंना माझी कथा माहात्म्यासारखी सांगत होते. रोगी औषध घेऊन झालं तरी उठत ना. एक म्हातारी पदर सावरून म्हणाली, "डाक साब, जरा गरदन का दरसन तो करा दो, दूर से आई हूँ." एका हलवायाने रबडीतली केळी बंद केली. खाली औषधालयापुढे रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि चिटणीस रांगेला पाणी वाटत, "विज्ञान हरलं, विज्ञान हरलं," म्हणत फिरत होते.

मी स्वतः काय समजत होतो? सांगायला लाज वाटते, पण मीही तेच समजत होतो. आरशात मान दिसत नव्हती, कंपाउंडर "बापरे" याखेरीज वर्णन करत नव्हता, आणि मनात एकच: मीठ टाकायला नको होतं.

साहेब महाकालाच्या दर्शनासाठी मुक्काम वाढवून राहिले होते. त्यांनी हे ऐकलं आणि आम्हा दोघांना औषधालयातच भेटायचं ठरवलं. ते आले, चिटणीस आले, गल्ली आत येता येईल तेवढी आत आली. साहेब भले गृहस्थ होते. खुर्चीत बसून हसत म्हणाले, "वैद्यराजजी, अब मुझे क्या पूछना है? आपके औषधालय की सिफारिश तो डॉक्टर साहब की गर्दन ने ही कर दी."

लोक हसले. मी मफलरात तोंड लपवलं. पातेली वाचली होती. खरं सांगतो, लाजेच्या खाली कुठेतरी मलाही बरं वाटलं, की निदान एवढं तरी झालं.

वैद्यराजांचा हात खुंटीकडे गेला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज कुणाशी?"

"बघू दे," ते म्हणाले आणि माझा मफलर ओढून काढला. मान उजेडाकडे वळवली. बोट न लावता बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "काल काय खाल्लंत ते विचारत नाही. काय घातलं होतंस ते सांग. सभेच्या दिवशी."

"शर्ट. पांढरा."

"आण."

मी वर जाऊन शर्ट आणला. त्यांनी कॉलर उलटी केली. आतल्या पट्टीवर धोब्याची खूण होती: दोन काळ्या रेघा, एक ठिपका, ताज्या. त्यांनी ती पट्टी माझ्या मानेवर धरली आणि साहेबांना जवळ बोलावलं.

"देखिए साहब. निशान यहाँ, फोड यहाँ. इसके ऊपर कुछ नहीं, नीचे कुछ नहीं. खाने का जहर अंगभर बोलता है, कॉलर नापकर नहीं बोलता. ये भिलावा है."

बिब्बा! धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचं तेल वापरतात, हे कोणाला ठाऊक नाही? ते काही जणांच्या कातडीला सोसत नाही, बिब्बा उततो, हे आजीबाईंनाही ठाऊक असतं. मी तर त्याच्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, फोडांच्या वर्णनासकट, आणि परीक्षकांनी मला शाबासकी दिली होती.

चिटणीस पुढे सरकून हळूच म्हणाले, "वैद्यराज, अहो, साहेब उद्या जाताहेत. एक दिवस गप्प राहायला काय हरकत होती?"

साहेबही गोंधळले. म्हणाले, "जाने दीजिए ना, वैद्यराजजी. फैसला आपके हक में ही जा रहा है."

"हक में जाए चाहे न जाए," वैद्यराज म्हणाले, "फोड धोबी के हैं. दूसरे की कमाई मैं अपने नाम पर नहीं लिखाता." मग चिटणिसांकडे वळले. मराठीत, आणि 'आपण' म्हणत. "आपण तीन दिवस माझ्या दारात पाणी वाटताय. आपल्याला वाटलं यामुळे माझं शास्त्र खरं ठरलं. उद्या या पोराला फोड आले नसते तर ते खोटं ठरलं असतं का? शास्त्र एवढं स्वस्त असतं तर मी ते केव्हाच सोडून किराणा दुकान टाकलं असतं."

बोलता बोलता त्यांनी एकदा अंगणाकडे पाहिलं. पातेली तिथे उकळत होती आणि त्यांना ती ऐकू येत होती. मला दिसत होतं. काकू आत गेल्या आणि तीळ-लोणी वाटून घेऊन आल्या, माझ्या मानेसाठी.

साहेब काहीही न लिहिता गेले. मान बरी व्हायला आठवडा लागला. सकाळी मी वर माझं गुलाबी लोशन लावत असे, संध्याकाळी खाली वैद्यराज तीळ-लोणी लावत. "दोन्ही एकावर एक नको लावू," ते बजावत, "कोणी बरं केलं ते कळणार नाही." कोणी बरं केलं ते अजून ठरलेलं नाही.

पुढे मी बरीच वर्षं कातडीचे रोग पाहिले, मोठ्या गावांत पाहिले, मोठ्या लोकांबरोबर पाहिले. माशांवर दूध प्याल्याने कोड फुटतं असं मी आजही मानत नाही आणि तसं रोग्यांच्या आयांना स्पष्ट सांगतो, कारण त्या बिचाऱ्या उगीच स्वतःला दोष देत बसलेल्या असतात. पण नवा रोगी समोर बसला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न वैद्यराजांचाच निघतो, आणि दुसराही: काय खाल्लंत, काय घातलंत. या दोन प्रश्नांनी जेवढी माणसं बरी झाली तेवढी माझ्या लोशनांनी झाली नसतील. परिषदांत कोणी विचारतं, शिक्षण कुठे झालं? मी कॉलेजचं नाव सांगतो. मग राहवत नाही, आणि म्हणतो, "खरं म्हणजे उज्जैनला. देवास गेटच्या अलीकडे." हे सांगताना माझी छाती अजून दोन बोटं पुढे येते.

तर औषधालयाचं काय झालं? कागद फिरत राहिले. त्या काळी राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे, आणि फायली तिच्या मागून निघत, बहुधा ती परतत असताना पोचत. शेवटी सरकारी डॉक्टर म्हणून माझं मत मागवलं. मी लिहिलं की या गृहस्थांचा सिद्धांत मला मान्य नाही. पण हातात आलेला खोटा विजय, आपलं औषधालय पणाला लागलेलं असताना, भर माणसांत परत करणारा वैद्य मी दुसरा पाहिलेला नाही, आणि अशा माणसाच्या हातचा काढा गरिबांना मिळत राहावा. ते लिहिताना मी स्वतःवर फार खूश होतो. तीनदा वाचून पाहिलं.

हुकूम आला तेव्हा मी वरच्या खोलीतून जवळजवळ उडी मारूनच खाली गेलो. औषधालयात रांग होती. वैद्यराज एका शेतकऱ्याची नखं बघत होते, काकू पातेल्यात पळी फिरवत होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: औषधालय चालू राहील, मदत चालू राहील. रांगेत कोणीतरी "महाकाल की जय" म्हटलं. वैद्यराजांनी शेतकऱ्याचा हात सोडला नाही, पण डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी थांबलो. मला वाटलं आता ते मला जवळ बोलावणार, अरे म्हणणार, कदाचित पाठीवर हात ठेवणार.

"पुढे काही आहे का?" त्यांनी विचारलं.

पुढे एक ओळ होती. मी ती जरा घसा खाकरून वाचली: औषधालयाचं काम यापुढे सरकारी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालेल.

काकूंची पळी थांबली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हा देखरेख करणार?" त्या म्हणाल्या. "स्वतःच्या मानेवर काय आहे ते याला खाली येऊन विचारावं लागलं. आधी याला एक आरसा घेऊन द्या."